घरात घुसणारे मांजर : त्याचे करावे तरी काय?



रोवणीचे दिवस असतात. घरची सारी माणसे बांधीत. म्हातारी तेवढी सपरीत, तिचाही डोळा लागलेला. संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन घरात यावे, तर चुलीजवळचे दुधाचे गंज पालथे, झाकणी एकीकडे, अन् कवेलूच्या फटीतून शेपटी बाहेर पडताना दिसते. मग आरडाओरडा, काठी, दोन शिव्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दिवसांनी कोणीतरी म्हणते, "याला एकदा औषध घाला." हे "औषध" म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि या पत्रकात मांजरावर एवढे लिहिण्याचे कारणही तेच आहे.

धानाच्या आपल्या या गोंदिया जिल्ह्यात मांजर नाही असे गाव नसेल. अर्धी मांजरे कोणाचीच नसतात. आज या घरी, उद्या त्या घरी. त्यांना हाकलून कंटाळलेल्या मंडळींना आमचे पहिले सांगणे असे, की मांजर उगाच येत नाही. त्याला तुमच्या घरात काहीतरी मिळते. ते काय मिळते हे ज्याने शोधले, त्याचे अर्धे काम झाले. नुसती काठी उगारल्याने मांजर जात नाही, फक्त तुम्ही घरात नसाल अशी वेळ ते शिकून घेते.

आधी पाहुणा कोण ते ओळखा

रात्री माळ्यावर धडधड झाली की आपण मांजराला नाव ठेवतो. पण कित्येकदा तो बिचारा बोका नसतोच. कवेलूच्या घरात, आढ्याच्या अंधारात उदमांजर येऊन राहते. काळपट अंग, लांबलचक शेपटी, तोंड पुढे निमुळते. ते फळे खाते, उंदीरही खाते, अन् दिवसभर झोपून रात्री फिरते. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांना, देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीला हे नवीन नाही.

दुसरे रानमांजर, ज्याला कोणी बाऊल म्हणतात. घरच्या मांजराहून उंच, पाय लांब, शेपटी मात्र आखूड आणि तिच्या टोकाकडे काळी कडी. कान उभे, टोकाशी थोडे काळे केस. रंग वाळल्या गवतासारखा. धानाच्या बांधीत, बोडीच्या काठच्या गवतात ते उंदीर धरत फिरते आणि कधी कोंबड्यांच्या वासाने घराजवळ येते. तिसरी अंगभर ठिपके असलेली छोटी वाघाटी; ही क्वचित दिसते. ही तिन्ही जनावरे रानची असून त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारू नये, पकडू नये, पाळूही नये. घरात अडकले असेल तर एक दार उघडे ठेवून दिवे मालवावेत आणि माणसांनी बाजूला व्हावे. वाट दिसली की ते आपण होऊन जाते. जात नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

धान कापताना कधी गवतात रानमांजराची पिल्ले सापडतात. पोरे हौसेने घरी आणतात. आणू देऊ नका. आई जवळपासच असते अन् रात्री येऊन त्यांना नेते. त्या कोपऱ्यातली कापणी एक दिवस मागे ठेवली तरी पुरते.

आता गावातल्या मांजराकडे वळू. त्यातही बोका आणि भाटी यांच्या खोडी निराळ्या. बोका हद्दीसाठी भांडतो. दाराच्या चौकटीवर, धानाच्या पोत्यावर मागे वळून मुताची पिचकारी मारतो. तो उग्र वास आठवडाभर जात नाही. भाटी येते ती बहुतेक दोन कारणांनी, एक खाण्यासाठी आणि दुसरे विण्यासाठी. गाभण भाटी अंधारी, कोरडी, मऊ जागा शोधत असते. तुमच्या गोधड्यांची पेटी उघडी असली तर तिला याहून चांगली जागा कोणती मिळणार?

शिंके तुटते म्हणून बोक्याचे फावते

दूध, दही, तूप, मासोळी, सुकवलेले झिंगे आणि कोंबडीची पिल्ले, यांच्यावर मांजराची नजर असते. जुन्या बायका दुधाचे भांडे शिंक्यात टांगत, ते काही हौस म्हणून नाही. आता घरोघर शिंके राहिले नाही, आणि फ्रीज सगळ्यांकडे नाही, असला तरी वीज नसते. तेव्हा जाळीचे कपाट असेल तर उत्तम. नसेल तर भांड्यावर झाकणी ठेवून तिच्यावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवावा, एवढे साधे काम पुरते. शिंके टांगायचेच तर भिंतीपासून दूर टांगावे. भिंत जवळ असली की बोका तिच्यावरून झेप घेतो. मासोळी साफ केली की काटे-कल्ले मागच्या सांदवाडीत फेकण्याची आपली सवय असते. त्या वासावरच चार गल्ल्यांची मांजरे गोळा होतात. ते उकिरड्याच्या खड्ड्यात टाकून वर माती ओढावी. झिंगे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

कोंबडीची लहान पिल्ले दिवसा डालग्याखाली आणि रात्री पक्क्या खुराड्यात. खुराड्याचे दार दोरीने बांधू नका, कडी लावा. दोरी मांजर नखाने सैल करते, नाही झाली तर कोल्हा करतो.

मग येण्याच्या वाटा. मांजराचे डोके ज्या भोकातून जाते, तिथून त्याचे धडही जाते, हे ध्यानात धरून घर एकदा आतून पाहा. दिवसा दारे-खिडक्या लावून आत अंधार करावा. जिथून उजेड येतो, तिथून मांजर येते. भिंत आणि कवेलू यांच्यामधली फट ही आपल्याकडची मुख्य वाट. तिथे बांबूच्या कमच्या विणून बसवाव्यात किंवा तारेची जाळी ठोकावी. मोरीच्या भोकाला जाळी लावावी. पण सावध, जाळी ठोकण्याआधी आत भाटीची पिल्ले नाहीत ना, ते पाहून घ्या. पिल्ले आत अन् आई बाहेर राहिली, तर ती रात्रभर ओरडून कवेलू खाली पाडील, आणि आत पिल्ले मेली तर त्या वासाने तुम्हालाच घर सोडावे लागेल.

पिल्ले निघाली तर काय करावे? जागा अडचणीची नसेल तर चार-पाच आठवडे धीर धरा. साधारण आठ-दहा दिवसांत डोळे उघडतात, महिनाभराने पिल्ले थोडे थोडे खायला लागतात. जागा अडचणीचीच असेल, म्हणजे धानाच्या ढोलीत किंवा पाळण्यात, तर टोपलीत तणस आणि जुने लुगडे घालून, हाताला फडके गुंडाळून पिल्ले त्यात ठेवा अन् टोपली गुरांच्या कोठ्यातल्या कोरड्या कोपऱ्यात न्या. आई पाहत असताना न्या. ती मागोमाग येते.

मांजर येते त्या जागी संत्र्याच्या किंवा लिंबाच्या साली ठेवल्या तर ते बिचकते. नागपुरी संत्र्यांच्या दिवसांत हा फुकटचा उपाय आहे. सालींचा वास गेला की बदलाव्यात. पाण्याचा शिपका मारला तरी चालतो. मिरचीची पूड मात्र टाकू नका. ती मांजराच्या डोळ्यांत जाते आणि वाऱ्याने उडून पोरांच्याही. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. त्या विषारी असतात, अन् धान्याजवळ त्यांना काय काम?

धानाची ढोली आणि मांजर

इथे एक गोष्ट उलट बाजूने पाहिली पाहिजे. पुष्कळदा मांजर दुधासाठी येतच नाही. ते उंदरांसाठी येते. ज्या घरात धान भरलेले, त्या घरात उंदीर, आणि उंदीर आहेत तोवर मांजर येणारच. अशा मांजराला हाकलणे म्हणजे आपल्याच रखवालदाराला हाकलणे.

फार जुनी गोष्ट आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला अन् पुढे देशभर पसरला. त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडात काम करणारे अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे इंग्रज वैद्यकीय अधिकारी होते. त्यांनी गावोगाव घरांत मांजरे किती, हे मोजायला लावले. ज्या गावांत घरोघर मांजरे होती तिथे प्लेगचा त्रास कमी, असे त्यांचे म्हणणे पडले. १९०८ साली त्यांनी विलायतेतल्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याविषयी लेख लिहिला आणि गावाने मांजरे पाळावीत असा आग्रह धरला. म्हणजे आपल्याच मुलखातल्या गावांतल्या मांजरांची कीर्ती तेव्हा विलायतेपर्यंत गेली होती म्हणायची! आज मात्र असेही ठाऊक आहे की प्लेगच्या उंदरापासून मांजरालाच प्लेग होऊ शकतो आणि त्याच्यापासून माणसाला. तेव्हा ब्युकॅननसाहेबांचे सारेच आज जसेच्या तसे घेता येत नाही. पण मांजर आहे तिथे उंदराला मोकळे रान नसते, एवढा भाग खराच. समुद्रापलीकडे बोर्निओ बेटावर सारवाक नावाचा मुलूख आहे. तिथल्या डोंगरी गावांत उंदीर माजले तेव्हा १९६० साली ब्रिटिश हवाई दलाच्या विमानातून हवाई छत्रीला बांधून मांजरे खाली सोडली होती. आपल्याकडे ती बिनछत्रीची, आपल्या पायांनी येतात.

तरीपण सगळा भार मांजरावर टाकू नये. घरातली छोटी उंदरे अन् उंदराची पिल्ले ते धरते. मोठ्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाही. धान वाचवायचे तर ढोली जमिनीवर न ठेवता सुमारे तीन फूट उंच लाकडी मचाणावर, भिंतीपासून दूर ठेवावी. मचाणाच्या खांबांना पत्र्याची उलटी गाळणी बसवावी, म्हणजे उंदीर वर चढत नाही. ढोली शेण-मातीने नीट लिंपावी. लोखंडी कोठी असेल तर प्रश्नच नाही. बाकी उंदरांना पिंजरा लावावा. उंदीर कमी झाले की मांजराच्या फेऱ्याही कमी होतात, हे करून पाहण्यासारखे आहे.

विष घालू नका

आता मुख्य मुद्दा. मांजरासाठी दुधात विष कालवणे हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणारा कायदा १९६० पासून आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला विष घालून मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. दुधाची वाटी ठेवली कुठे? जमिनीवर, चुलीच्या बाजूला. तिथे मांजराच्या आधी कोण पोहोचते? रांगणारे पोर. दुधाचा पांढरा रंग त्याला विषाची खूण सांगत नाही. शेजारचे वासरू, पाळीव कुत्रा, कोंबड्या, सारे त्याच अंगणात फिरतात. घरात फवारणीचे औषध आणि खाण्याची भांडी एकाच फळीवर ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. अशा घरात मांजरासाठी मुद्दाम विष कालवायचे, म्हणजे संकटाला हाताने वाट दाखवणे आहे.

उंदरासाठी ठेवलेल्या विषाचीही तीच गत. झिंक फॉस्फाईडचे आमिष खाऊन मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तर त्यालाही बाधा होऊ शकते. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो. तोवर तो सुस्त होऊन फिरतो आणि मांजराला सहज सापडतो. असे दोन-चार उंदीर पोटात गेले तर मांजराच्या अंगात रक्तस्राव होतो. म्हणजे उंदराला घातलेल्या विषाने तुम्ही उंदीर खाणाराच मारता, आणि पुढच्या हंगामात उंदीर दुप्पट होतात. विष घालायचेच झाले तर ते शेतात, बिळाच्या आत घालावे, वर माती लोटावी, आणि सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. धानात घालायच्या सल्फाससारख्या गोळ्या राहत्या घरात वापरूच नयेत. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांना मारतो.

पोत्यात घालून नदीपलीकडे

दुसरा लाडका उपाय म्हणजे मांजर पोत्यात बांधून आठवडी बाजाराच्या दिवशी लांब सोडून येणे. लहानपणी आमच्याही घरी एक पांढरा बोका असा बैलगाडीतून नेला होता. पाच दिवसांनी तो आमच्या आधी चुलीजवळ बसलेला होता, अन् आजी म्हणाली, "बाप्पा, याला तर रस्ता माझ्यापेक्षा जास्त ठावा." काही मांजरे अशी परत येतात. काही येत नाहीत. ती अनोळखी गावात कुत्र्यांच्या तोंडी पडतात. आणि समजा नाहीच आले, तर तुमच्या घराची रिकामी झालेली हद्द आठ-पंधरा दिवसांत दुसरा बोका धरतो. खाणे तेच, वाट तीच. पोत्यात कोंडताना चावा-ओरखडा बसतो तो वेगळाच.

चावले तर हसण्यावारी नेऊ नका

कुत्रे चावले की माणूस दवाखान्यात धावतो. मांजर चावले की हळद भरतो. ही चूक जिवावर बेतू शकते. पिसाळलेला रोग, म्हणजे रेबीज, मांजरालाही होतो आणि त्याच्या चाव्याने, नखाच्या ओरखड्यानेही माणसाला लागू शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगाला औषध नाही. औषध आहे ते आधी घेण्याचे.

चावा किंवा रक्ताळलेला ओरखडा असेल तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ पाहून धुवा, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा लांब असतात. चुना, तंबाखू, मिरची, पानाचा काथ काही भरू नका. पट्टी घट्ट बांधू नका. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. पहिली सुई त्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, असा क्रम सहसा असतो. दंडात देण्याची पद्धत असेल तर एक सुई अधिक. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेत आणखी एक औषध टोचतात, त्याला नाही म्हणू नका. पोटात चौदा सुया टोचण्याचा काळ केव्हाच गेला, तेव्हा त्या भीतीने कोणी घरी बसू नये. रोवणी आहे, कापणी आहे म्हणून मधली सुई चुकवू नका.

चावलेले मांजर मारून टाकू नका. दहा दिवस लांबून त्याच्यावर नजर ठेवा. दहा दिवस ते ठणठणीत असेल तर डॉक्टरांना सांगा, पुढे काय करायचे ते ठरवतील. पण त्यासाठी पहिली सुई थांबवायची नाही. एरवी भिणारे मांजर एकाएकी अंगावर धावून येत असेल, लाळ गाळत असेल, मागचे पाय ओढत असेल, तर पोरांना घरात घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

शेळ्या पाळणाऱ्यांसाठी एक निराळी सूचना. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव चाऱ्यात गेला तर गाभण शेळ्या गाभडू शकतात. शेळीचा खुराक, ढेप झाकून ठेवावी, आणि मांजर तणशीत घाण करते ती जागा खुरप्याने काढून पुरावी. गरोदर बाईने हे काम करू नये. करावेच लागले तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

ठेवायचे झाले तर

अनेक घरांत शेवटी तडजोडच होते. उंदीर तर हवेच आहेत मारायला, फक्त स्वयंपाकघरात नको. तर त्याला जागा ठरवून द्या. रोज एकाच वेळी, कोठ्याच्या कोपऱ्यात, थोडा भात अन् मासोळीचे डोके. चुलीजवळ कधीच नाही, पोरांनी ताटातला घास टाकायचा नाही. घरात आले की हाकला, कोठ्यात खायला द्या. पंधरा-वीस दिवसांत ते जागा समजते. दूध द्यायलाच हवे असे नाही. मोठ्या मांजराला दुधाने पुष्कळदा जुलाब होतात. पोटभर दिले म्हणजे उंदीर धरणार नाही, हीही समजूत खरी नाही. शिकार ते भुकेनेच करते असे नाही.

मात्र एका भाटीची वर्षाने किती होतात याचा हिशोब करा. सहा महिन्यांच्या आतबाहेर ती माजावर येते, नऊ आठवड्यांत विते, एका वेताला तीन-चार पिल्ले, वर्षाला दोन-तीन वेत. म्हणून नसबंदी करून घ्यावी. बोक्याचीही करावी, त्याचे भांडण, ओरडणे आणि पिचकाऱ्या बऱ्याच कमी होतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात या शस्त्रक्रियेची सोय कोणत्या वारी आहे, हे आधी विचारून या. तालुक्याला सोय नसेल तर डॉक्टर पुढे कुठे जायचे ते सांगतील. त्याच खेपेला रेबीजची लस टोचून घ्या. तीन महिन्यांचे पिल्लू झाले की ही लस देता येते, मग दरवर्षी.

मांजर न्यायचे कसे, हा प्रश्न राहतो. झाकणाच्या बांबूच्या टोपलीत जुने फडके घालून ती दोन दिवस कोठ्यात उघडी ठेवा आणि खाणे तिच्यातच द्या. तिसऱ्या दिवशी मांजर आत जेवत असताना झाकण लावून दोरीने बांधा, वरून ओले पोते टाका. शस्त्रक्रियेच्या आधी किती तास उपाशी ठेवायचे ते डॉक्टरांना विचारून त्या बेताने वेळ धरा. परत आणल्यावर एक रात्र कोरड्या, बंद खोलीत ठेवावे. गुंगी पुरती उतरेपर्यंत आढ्यावर चढू देऊ नये. टाके चाटत असेल किंवा जखम ओली दिसली तर टोपली उचलून पुन्हा दवाखाना गाठावा.